मामींनी काढलेला प्लग

ती. मामांना साष्टांग नमस्कार. (आठ अंगं कोणती ते विचारू नका, माझी शाळा इंग्लिश मीडियमची.) गुडघा कसा आहे? ऑपरेशननंतर ताईने तुमचा फोन काढून घेतला ते बेस्ट केलं, नाहीतर तुम्ही पलंगावरून चष्म्याचं दुकान चालवलं असतं. म्हणून हे पत्र डब्याखाली लपवून पाठवतोय. मामी मजेत. वेबसाइटबद्दल थोडंसं सांगायचंय, टेन्शन घेऊ नका.

तर झालं असं, की आपल्या साइटमागे तो डेटाबेस आहे ना, ज्यात सगळ्या गिऱ्हाइकांचे चष्म्याचे नंबर आहेत, तो उघडायला साइटलाही पासवर्ड लागतो. तो मी एका फाइलीत लिहिला आणि फाइल ठेवली आपल्या फ्रेमच्या फोटोंशेजारी, म्हणजे (हळूच सांगतो) जगात कुणालाही दिसेल अशी. त्या जाड भिंगाच्या रिटायर्ड मुख्याध्यापिका बाई आहेत ना, त्यांचा फोन आला. "अरे बाळा, मला समोरची बस दिसत नाही, पण तुमचा पासवर्ड दिसतोय!" मामींनी फोन स्पीकरवर ठेवला होता.

मला जाम झोंबलं. जुना पासवर्ड रद्द केला, नवा कॉम्प्युटरकडूनच बनवून घेतला, चाळीस अक्षरांचा, मिक्सरमधून काढल्यासारखा. मी तो वाचलासुद्धा नाही. आणि फाइलीत ठेवलाच नाही, थेट सर्व्हरच्या मेमरीत! (फाइलच नाही तर चोरणार काय? मी मामींना दोनदा समजावलं. त्या काचा पुसत होत्या.) पण मेमरीचं एक आहे मामा, वीज गेली की ती सगळं विसरते. आणि आपला सर्व्हर काउंटरखाली, व्हॅक्यूम क्लीनरच्या शेजारी, दोघांत एकच सॉकेट. आज सकाळी मामींनी क्लीनर लावायला सर्व्हरचा प्लग काढला. "उगाच लुकलुकत होतं ते," म्हणाल्या.

नंबर सगळे आत शाबूत, पण उघडत नाही. बाईंची काच फुटलीय, त्यांचा नंबर आत अडकलाय, आणि त्या सोफ्यावर बसून माझ्या शेजारच्या कुंडीला झापताहेत. मामींनी सांगितलंय, उद्यापर्यंत उघडलं नाही तर साइट कायमची बंद आणि मी फ्रेम पुसायला.

मी मात्र शिकलो. पासवर्ड फाइलीतच ठेवायचा, पण साइटच्या फोल्डरबाहेर, आणि वाचायची परवानगी फक्त साइटला. आणि माणूस कितीही जवळचा असो, त्याला त्याचा पासवर्ड विचारायचा नाही. कागदावर तर लिहायचाच नाही.

तुमचा लाडका (अजून असेन तर)
भाचा

ता.क. डेटाबेसला मालकाचा एक वेगळा मुख्य पासवर्ड असतो, तो तुम्ही स्वतः टाकला होता, मला भिंतीकडे तोंड करून उभं करून. आता त्यानेच आत शिरून साइटला नवा पासवर्ड देता येईल. तेवढा या कागदामागे लिहून रिकाम्या डब्यातून पाठवा.

ता.क. २. राहू दे. मामींना पाठ आहे. टाइप करताना तुम्ही एकेक अक्षर मोठ्याने म्हणता म्हणे. त्यांनी तो काउंटरवरून ओरडून सांगितला, भर दुकानात. साइट सुरू झाली, बाईंचा नंबर मिळाला. पण आता मुख्य पासवर्ड अख्ख्या दुकानाला कळला, म्हणून मी बदललाय. नवा कुणालाच सांगणार नाही, तुम्हालाही नाही. मामी म्हणाल्या, "हो का? मग आजपासून जेवायला तुझ्या घरी जा."

म्हणून फक्त मामींना सांगितलाय.