कौसाबाईच्या बॅनरवर मोकळी जागा

३ फेब्रु.
नात सुनीता पुण्याहून आली. पिशवीत खाऊबिऊ काही नाही, फोटोंची जाडजूड पुस्तकं. म्हणली, "आजोबा, जन्मभर पाट्या रंगवल्या, आता बॅनर करता. जरा हे बघा." उघडलं. भल्यामोठ्या पानावर कोपऱ्यात एक म्हातारी, बाकी कोरं. वाटलं छापायचं राहिलं. पुढचं पान, तीच गत. "अगं, दुकानदारानं फसवलं की तुला!" पोरगी हसून हसून लोळली.

४ फेब्रु.
सु.नं मोबाईलवर दाखवलं. मराठी अक्षरांची वळणं, पोत्यानं, तीही फुकट! अन् मी तलवाड्यात दोनच वळणांवर दुकान रेटतोय. डोकं सुन्न. भाकर गोड लागली नाही.

६ फेब्रु.
शेजारचा दादाराव आला. त्याच्या आईचं, कौसाबाईचं वर्षश्राद्ध सोमवारी. बॅनर पाहिजे. रीत ठरलेली, वर पुढारी, खाली भावकी, मधे गेलेलं माणूस. नमुन्याला जुनी फाईल उघडली अन् हबकलोच. पुढाऱ्याचं तोंड परातीएवढं, गेलेला बिचारा बशीएवढा! रोज हेच करतो. दिसलं कसं नाही?

७ फेब्रु.
दादारावच्या मोबाईलमधला फोटो घेतला. कौसाबाई उन्हाला हात आडवा धरून हसतीय, बोळकं उघडं. ती एकटी, खाली नाव. बाकी मोकळं सोडलं. दादाराव बघून नुसता "बरं" म्हणला. छापून आल्यावर मलाच धडकी भरली. एवढी मोठी बाई! जिवंतपणी कुणी हिच्याकडं...

८ फेब्रु.
सकाळी चौकात लागला. लोक थबकतात. एक जण, "पेंटर, शाई संपली का बे?" दुसरा टोपी काढून उभा.
दुपारी दादाराव, तोंड उतरलेलं. "काका, भावकी तडकली. आमची तोंडं न्हाईत तर आमी जेवायला कावून यावं, म्हणतेत. मायचं जेवण हाय, पंगत रिकामी उठली तर?"
माझ्यामुळं झालं. म्हणलं, "रडू नको लेकरा, आत्ता बसवतो सगळ्यांना, दुसरा छापू." जुन्या फाईलीतून त्याच्या चुलत्याचा फोटो उचलून पडद्यावर मोकळ्या जागेत ठेवला.
"थांबा!" केवढ्यांदा ओरडला. सु. आतून पळत आली.
मग हळूच म्हणला, "माय हसायची, हे इसरलोच होतो मी."
त्याच्या मोबाईलवर चुलत्याचा फोन वाजतोय. उचलत नाही. चुलता अजून पडद्यावरच. मी विचारलं, "ठेवू का काढू?" तो कौसाबाईकडं बघत बसलाय. सु.ला चहा टाकायला सांगितलाय.