साडेपंधरा इंच

मी, विठोजी नागोजी सुत्रावे, वय सदुसष्ट, धंदा शिंपीकाम, राहणार कब्बनपेट, बेंगळूरु, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. स्वखुशीने म्हणजे कोणी सांगितले म्हणून नव्हे. भीती मात्र आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. अक्षर वाकडे आले तर ते भीतीमुळे; डोके ठिकाणावर आहे.

कलम १. दुकान आणि त्यावरचे घर पत्नी राजलक्ष्मीला, तिच्यानंतर मुलगी सिद्धीला. सिद्धीने महादेवपुऱ्यातली नोकरी सोडून दुकान चालवावे असे माझे म्हणणे नाही. तिला अजून बटणही धड लावता येत नाही.

कलम २. शिलाई मशीन आणि मोठी कात्री श्वेताला. नऊ वर्षे तिने माझ्याकडे मन लावून काम केले. त्या कात्रीने कोणी कागद कापू नये.

कलम ३. हंबीरराव वायचळ याने माझ्या मयताला येऊ नये. मंत्रीमहोदयांचे सदरे ते मंत्री होण्याआधीपासून मी शिवतो, आणि चार दुकाने पलीकडे पाटी याने लावली, ‘मिनिस्टर टेलर्स’. अकरा वर्षे आमचे बोलणे नाही. आज वाटते, ते सदरे खरेच त्याने शिवले असते तर मी सुटलो असतो.

कलम ४. मापांची वही. हिच्यापायीच लिहायला बसलो. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतल्या चंदनाला एक माणूस फरफटत गाडीत कोंबतो, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला आहे. माणसाची फक्त पाठ दिसते. मुलगी मंत्र्यांचे नाव घेते, मंत्री म्हणतात व्हिडिओ कॉम्प्युटरने बनवलेला आहे, आणि लोक हसतात ते तिलाच.

मंत्र्यांचा उजवा खांदा बोटभर उतरता आहे. तो झाकायला मी पाठीवरची पट्टी तिरकी कापतो. दुसरे कोणी तशी कापत नाही. दुकानातल्या टीव्हीवर ती पट्टी दिसली आणि मी कौतुकाने बोलून गेलो, “हा सदरा माझ्या हातचा.” एक गिऱ्हाईक मोबाइलवर तीच बातमी टिपत होते, त्यात माझा आवाजही गेला. संध्याकाळपर्यंत तो राज्यभर पोचला.

सोमवारी मॅजिस्ट्रेटसमोर माझा जबाब आहे. गुरुवारी दोघे जण पँट शिवायची म्हणून आले. कापड आणलेच नव्हते. एकाने माझ्या गळ्यातली टेप काढून घेतली, माझ्याच मानेभोवती गुंडाळली आणि आकडा वाचला.

“साडेपंधरा. सरी, ठीक आहे अण्णा, लक्षात राहील.”

तेव्हापासून शटर अर्धे खाली आहे. जिन्यावर पाऊल वाजले की मी दिवा मालवतो. राजलक्ष्मी म्हणते, वही जाळा आणि काही आठवत नाही म्हणून सांगा. काल मी काडी ओढलीही होती. पण त्या पोरीच्या बाजूने बोलणारी ही एकच वही आहे. सोमवारपर्यंत मी राहिलो नाही तर सिद्धीने ती कोर्टात द्यावी; पान बावन्नवर मंत्र्यांचे माप आणि तिरक्या पट्टीची नोंद आहे. राहिलो तर मी स्वतः जाईन की नाही, हे अजून मला ठरवता आलेले नाही.

कलम ५. साक्षीदारांसाठी थांबावे लागले. कॉफीवाल्या शिवाप्पाला विचारले तर त्याला एकाएकी स्वल्प काम निघाले. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही हेच केले असते.

मग, शिवाप्पाकडून कळले असावे, शटरखालून वाकून हंबीरराव आत आला, मागोमाग त्याची सून कस्तुरी. सही कुठे करायची, एवढेच त्याने विचारले. मी म्हटले, आधी तिसरे कलम वाच. चष्मा लावून त्याने ते सावकाश वाचले. मी खोडायला पेन उचलले, तर त्याने माझा हात धरला.

“राहू दे. मयताला येत नाही. सोमवारी कोर्टात येतो, तुझ्याबरोबर.”

वही पिशवीत भरून ठेवली आहे.

सही: विठोजी नागोजी सुत्रावे

त्यांनी आमच्यासमोर व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या:
१. हंबीरराव वायचळ, मिनिस्टर टेलर्स
२. कस्तुरी वायचळ

कब्बनपेट, बेंगळूरु
शनिवार, १४ जून २०२५