शनिवारपर्यंत माझं ऐकणारी गाडी

प्रिय मासानोबू,

आपल्या खेळण्यातल्या गाडीसाठी तू नवा रिमोट घेतलास. काल दुकानात मालक मोचिझुकींनीच सांगितलं. "चिझुरुबाई, अखेर तुमच्या नवऱ्यानं पाकीट उघडलं!" आणि लगेच जीभ चावून, "म्हणजे, आधीच्या."

आपली गाडी घेतली तेव्हा तुझा अख्खा उन्हाळी बोनस गेला होता. तो उन्हाळा आपण भात आणि टोफूवर काढला. बारीक स्क्रू मी बसवले, कारण तुझी बोटं जाडी. अबे नदीच्या कोरड्या पात्रात पहिल्याच फेरीला गाडी दगडावर चढून उलटली. तू ओरडलास, "अगं, ब्रेक, ब्रेक!" मी म्हटलं, "आधी दाखव तरी कुठंय!" हसून हसून खाली बसलो होतो.

घर मोडताना सामान वाटलं, तेव्हा तू गाडी उचललीस आणि मी रिमोट. तुझी बहीण म्हणाली, "अर्धं अर्धं नेऊन करणार काय?" मी म्हटलं, आठवण म्हणून. खरं तर तेव्हा नुसत्या रिमोटच्या संचालाही महिन्याच्या घरभाड्याइतके पैसे पडायचे. मला वाटलं, हुक्की आली की मागायला येशीलच.

मग किमती उतरू लागल्या. दर वसंतात मी मोचिझुकींच्या काचेच्या कपाटापुढे उभी राहायचे. भाव पडलेला दिसला की वाटायचं, आता हा घेईल. तू घेत नव्हतास. जितकं स्वस्त होत गेलं, तितकं तुझं न घेणं मला मोठं वाटू लागलं. आता तर चौघांच्या ओदेनच्या गरम रश्श्याच्या पैशांत गाडी, रिमोट, बॅटरी, चार्जर, सगळं एका खोक्यात मिळतं. शाळेतल्या मुली साठवलेल्या खाऊच्या पैशांत हा छंद सुरू करतात. छानच आहे. मी मात्र त्या खोक्यांकडे बघून मनात म्हणायचे, तो अजून थांबलाय. नदीपलीकडे जाऊन तुझं दार वाजवावं, हे काही सुचलं नाही.

तू मोचिझुकींना म्हणालास म्हणे, "तिच्याकडे मागायला तोंड नाही. आणि इतकं स्वस्त झालंय, तिला कशाला त्रास?" हे सांगताना म्हातारे मोचिझुकी माझ्यावरच चिडले. "तुमच्या दोघांच्या हट्टापायी माझे केस पिकले!"

गाडी त्यांच्याकडेच आहे. शनिवारी दुपारी ते तिच्यातला, रिमोटचा इशारा पकडणारा जुना रिसीव्हर काढून नवा बसवणार. तोवर ती फक्त माझ्या रिमोटचं ऐकते. त्याचे सेल मी दर नव्या वर्षाला बदलत आले, हे तुला सांगायचं राहून गेलं होतं. म्हणून हे पत्र. शनिवारी सकाळी मी रिमोट घेऊन येतेय. दुकानामागची जागा मोचिझुकी झाडून ठेवणार आहेत. रिमोट तू धर. गाडी उलटली तर उचलायला मी उभी राहीन. नाही आलास, तर दुपारी ते स्क्रू ड्रायव्हर हातात घेतील.

तुझीच, हे लिहायची सवय न मोडलेली,
चिझुरु