डाव्या हातावरचं मिशिगन

१२ मे
निर्णय झाला. या उन्हाळ्यात गाडीने मिशिगनची दीपगृहं बघायची. सगळी नाही, निवडक. निवड मी करणार.

अर्लीन म्हणाली, निवडक राहू दे, मला एकच पुरे, स्टोनी एल्बो. तिथला दिवा तिचे आजोबा सांभाळायचे, तिची आई तिथेच जन्मली, आणि लग्न झाल्यापासून मी तिला तिथे नेतो म्हणतोय. ऑक्टोबरात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर असले गोल जिने विसरा. दीपगृह लेबर डेपर्यंतच, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंतच, उघडं असतं. म्हणजे जे काय ते याच उन्हाळ्यात.

म्हटलं, माझ्या डाव्या हातचा मळ आहे. ऑफिसच्या खुर्च्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं चाकं तपासली आहेत मी. प्रवास म्हणजे शेवटी चाकंच.

१३ मे
साडू आला होता. वेंडल, अर्लीनच्या बहिणीचा नवरा. फोनवर नकाशा कसा बघायचा ते मला शिकवत होता. मिशिगनमध्ये जन्मलेल्या माणसाला नकाशा लागत नाही, हे त्याला कोणी सांगावं. डावा हात पालथा धरला की झालं मिशिगन. बोटं वर, अंगठा उजवीकडे. करंगळीच्या कडेने लेक मिशिगन, समुद्राएवढं तळं, आणि त्याच कडेला जरा खाली आमचं मस्किगन.

संध्याकाळी हातावर लाल बॉलपेनने बारा दीपगृहं काढली. देखणी दिसतात.

२० मे
नकाशा धुतला जाऊ नये म्हणून भांडी घासणं तूर्त बंद केलंय. अर्लीन म्हणाली, रबरी हातमोजे आहेत की घरात. पण हातमोज्यात घाम येतो, शाई फुटते. लडिंग्टनचं दीपगृह आधीच लेकमध्ये वाहून गेलंय.

रविवारी चर्चमध्ये मिसेस ब्राउवरनी माझ्या हातावरचे लाल ठिपके पाहिले आणि जागा बदलली. प्रवचनाच्या वेळी पेपरमिंटची गुंडाळी बाकभर फिरते, ती आता आमच्याकडेच थांबते. नियोजनाचे असेही फायदे असतात.

४ जून
एक तांत्रिक अडचण. स्टोनी एल्बो आहे मिशिगनच्या वरच्या तुकड्यात, मधल्या पाण्यावरच्या मॅकिनॉच्या पुलापलीकडे. वरचा तुकडा म्हणजे डाव्या हाताच्या बोटांवर आडवा धरलेला उजवा हात. आता, मी उजव्या हाताने लिहितो. उजव्या हाताने उजव्या हातावर लिहिता येत नाही, हे कोणीही मान्य करेल. डाव्या हाताने काढून पाहिलं. त्याचं शेजारचं विस्कॉन्सिन झालं.

अर्लीन म्हणाली, आण इकडे, मी काढते. म्हटलं, नकाशा ज्याचा त्याने काढावा. मग तिने पेन घेऊन स्वतःच्याच हातावर एक ठिपका काढला आणि बटाटे सोलायला गेली.

तेव्हा पुलापलीकडचं नियोजन स्थगित. पुलाचा याच्याशी काहीही संबंध नाही.

११ जून
पुलाचा विषय अर्लीननेच काढला, मी नाही. पाच मैलांचा, दोरांना टांगलेला, वारा सुटला की हलतो. एका लेनला तर खाली नुसती लोखंडी जाळी, त्यातून पाणी दिसतं म्हणतात. मला भीती वगैरे वाटत नाही. चाकांच्या दृष्टीने विचार करतो, एवढंच. चाकाखाली भोकं नसावीत.

हनिमूनला निघालो होतो तेव्हा त्या पुलाच्या तोंडाशी जाऊन परत फिरलो, कारण धुकं होतं. अर्लीन म्हणते, लख्ख ऊन होतं. फोटोतही ऊन आहे, पण तो कॅमेरा स्वस्तातला होता.

२१ जून
प्रवासाची रंगीत तालीम.

सकाळी ८. व्हॅन दारात. इंजिन बंद. मी आणि अर्लीन पट्टे बांधून बसलो. टप्पा पहिला, मस्किगन ते लडिंग्टन.

८.२०. अर्लीनला बाथरूमला जायचं होतं. म्हटलं, वाटेत पेंटवॉटर गावाला थांबणार आहोत.

९. शेजारी विचारून गेला, किल्ली हरवली का?

९.१५. वेंडल कुत्रा फिरवत आला. म्हणाला, कुठवर पोचलात? म्हटलं, पेंटवॉटर सोडलं. म्हणाला, ट्रॅफिक कसाय? मग काचेतून आमचा फोटो काढला. कुत्र्यानेही चाकापाशी पाय वर केला.

१०. लडिंग्टन आलं. अर्लीन शेजारी नव्हती. बहुधा पेंटवॉटरलाच उतरली. घरात सूप करत होती.

एक थेंब पेट्रोल न जाळता टप्पा पूर्ण. उद्दिष्ट साध्य.

९ जुलै
डाव्या हाताला गांधीलमाशी चावली. हात टम्म फुगला. मिशिगन जवळजवळ दीडपट झालंय, सगळी अंतरं वाढली. या हिशेबाने पुलापर्यंत पोचायलाच दोन दिवस जादा लागतील. अर्लीन म्हणाली, रस्ता नाही रे सुजला. भूगोल तिचा पहिल्यापासून कच्चा.

सूज उतरेपर्यंत प्रस्थान पुढे ढकललं.

२४ जुलै
वेंडलच्या अंगणात जेवण. त्याची वही परत एकदा बघावी लागली. दीपगृहाला गेलं की वहीत शिक्का मारून देतात, तसे शिक्के पानोपानी. सॉसेज उलटता उलटता म्हणाला, अर्लीन, मी नेतो की तुला, त्यात काय एवढं, सकाळी निघू.

मला वाटलं ती हसेल. ती माझ्याकडे वळून म्हणाली, गॅरिट, ऐकून ठेव. लेबर डेला मी त्या जिन्यावर असणार. तुझ्याबरोबर, नाहीतर वेंडलबरोबर. वेंडल गाडी चालवताना सगळा वेळ गातो, माहितेय मला. तरी जाईन.

घरी आलो. जिना चढताना ती कठडा धरून मधेच थांबली. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

५ ऑगस्ट
तारीख नक्की केली. सोमवार, १ सप्टेंबर, लेबर डे. सकाळी आठला पुलावर. अर्लीन माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, नक्की? म्हटलं, दगडावरची रेघ.

आजच्या पेपरात बातमी आहे की लेबर डेला सकाळी पूल गाड्यांना बंद असतो, कारण त्या दिवशी लोक तो चालत ओलांडतात. दरवर्षीची पद्धत. तारीख मी आधी ठरवली, बातमी नंतर वाचली, म्हणजे जवळजवळ नंतर. बातमीचा उरलेला भाग पान नऊवर होता. त्यावर शेंगा सोलल्या.

३० ऑगस्ट
प्रस्थान. अर्लीनने वाटेत खायला हॅमचे बन घेतले. आमच्याकडे ते माणसाला पुरून आल्यावर खातात. मी काही बोललो नाही, फक्त दोनदा आठवण करून दिली.

वाटेत सहा दीपगृहं झाली. सगळी पार्किंगमधून, गाडीत बसून. अर्लीन म्हणाली, उतरायचं नाही का? म्हटलं, दीपगृह लांबून दिसावं म्हणूनच बांधतात.

संध्याकाळी मॅकिनॉ सिटी. मोटेल बरं आहे.

३१ ऑगस्ट, रविवार
रविवारी आम्ही प्रवास करत नाही. खिडकीतून पूल पूर्ण दिसतो. गालिचा उन्हाने विटू नये म्हणून पडदे लावून घेतले. मोटेलवाल्याचं नुकसान आपल्या हातून कशाला?

१ सप्टेंबर, लेबर डे
सकाळी ८. पूल बंद. कोणाच्या ध्यानीमनी तरी होतं का? हजारो माणसं चालत निघाली आहेत, पोरंटोरं, म्हातारेकोतारे, एक बाई तर मांजर घेऊन. मी कपाळाला हात लावला. अर्लीनला म्हटलं, नशिबात नाही गं आपल्या. वाटेत चेरी पाय खाऊ आणि घरी जाऊ.

अर्लीनने पर्स उघडून घडी घातलेला कागद काढला. पान नऊ. शेंगांची टरफलं झटकली आणि वाचलं, पूल दुपारी बारा वाजता गाड्यांसाठी उघडेल.

११.३०. हात पुन्हा दुखायला लागला. सूजसुद्धा असावी. अर्लीन म्हणाली, तुला चालवायची नाहीये. ज्यांना पुलावर भीती वाटते त्यांची गाडी पुलाचीच माणसं पलीकडे नेऊन देतात. मी मे महिन्यातच फोन करून विचारलंय.

म्हटलं, भीती कोणाला वाटते?

तिने कागदाची घडी पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, मला वाटते, समज. मला मागे बसून कोणाचातरी हात धरायला हवा.

हे मला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. बायकोच्या भीतीला हसू नये. मी तयार झालो.

१२.२०. चालवायला डोना नावाची बाई आली, पन्नाशीची, च्युइंगम चघळत. म्हणाली, लाजू नका हो, रोज चारपाच जण असतात. परवा एक ट्रकवाला होता, हा एवढा दांडगा, डोक्यावरून टॉवेल घेऊन बसला. म्हटलं, बिचारा. माझ्या बायकोचंही तसंच आहे. डोनाने आरशातून अर्लीनकडे पाहिलं. अर्लीन म्हणाली, हो, माझंच.

सीटचे स्क्रू तपासणं बाकी होतं, म्हणून मी दोन सीटच्या मधे खाली बसलो. चर्चमधली पेपरमिंटची गुंडाळी खिशात होती, ती संपली. चाकांचा आवाज बदलला. खाली जाळी आली होती. तेव्हा अर्लीनने तिचा हात माझ्या डाव्या हाताच्या बोटांवर आडवा ठेवला. त्यावर तो ठिपका अजून होता. जूनपासून रोज नव्याने काढत असणार. नकाशा पहिल्यांदाच पुरा जुळला.

डोना म्हणाली, झाला पूल. मी म्हटलं, कुठला?

४.१०. स्टोनी एल्बो. अर्लीन जिना चढली. एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची. मी मागे होतो, कारण कोणीतरी मागे असावं लागतं. वर गेल्यावर ती बाहेरच्या सज्ज्यात उभी राहिली आणि रडली. म्हणाली, आईचा झोपाळा तिथे होता, त्या झाडाला. सज्जाही जाळीचाच. मी दाराची चौकट धरून तिची मजबुती पाहत होतो. अर्लीनने हाक मारली, ये ना रे. एक पाय बाहेर ठेवला. तो हिशेबात धरावा.

२ सप्टेंबर
रात्रभर परतीचं नियोजन. पुलावरून गेलं तर घर सात-आठ तासांवर. पण मला एक उत्तम मार्ग सुचलाय. पश्चिमेला निघायचं, विस्कॉन्सिनमधून खाली उतरायचं, शिकागोवरून वळसा घालून अख्ख्या लेकला प्रदक्षिणा करत पलीकडून मस्किगन. तीनचार दिवस लागतील, पण वाटेत दीपगृहंच दीपगृहं. निवडक कशाला, सगळीच बघू.

नाश्त्याला अर्लीनला सांगितलं. ती म्हणाली, डोना चारपर्यंत असते पुलावर. म्हटलं, प्रश्न डोनाचा नाही, दीपगृहांचा आहे. ती म्हणाली, मिलवॉकीहून मस्किगनला बोट आहे, अर्धा वळसा वाचेल. म्हटलं, बोट म्हणजे तरी काय, सुटा पूल.

त्यावर ती इतकी हसली की वाढणारी मुलगी पाणी घेऊन धावत आली. डोळे पुसून म्हणाली, लग्न झाल्यापासून तुझ्या मागे लागलेय, एकदा लेकभोवती फिरवून आण म्हणून. हे आधी कळलं असतं ना गॅरिट, तर हनिमूनलाच तुला पोत्यात घालून पुलापलीकडे आणला असता.

म्हटलं, सगळं ठरल्याप्रमाणेच चाललंय.

वेंडलचा फोन आला होता. पूल ओलांडला म्हणून सांगितलं. गाडी कोणी चालवली, असं विचारत होता. लाइन खराब होती.

माझ्या हातावर विस्कॉन्सिनही नाही आणि शिकागोही नाही. अर्लीनने फोनवर नकाशा लावलाय. मी हात धुऊन घेतला. रस्ता ती सांगणार आहे.