कपाटातली सुट्टी

ती. सौ. वहिनी,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (खोली लहान आहे. आडवा झालो की पाय स्वयंपाकघरात जातात, म्हणून नमस्कार उभ्यानंच घातला आहे. मनोभावे घातला आहे असं समजावं.) तुमचा खांदा कसा आहे? फळ्याच्या वरच्या ओळीला हात नेला की कळ येते म्हणाला होतात, तर काही दिवस खालच्या ओळीपासून शिकवून पाहा. आईचे गुडघे, दादाचं पित्त आणि नळाचं पाणी सगळं पूर्वीसारखंच आहे असं दादाकडून कळलं, त्यावरून घरी क्षेम आहे हे समजलो. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. हे वाक्य पत्रात असावं लागतं म्हणून लिहिलं आहे, पुढे वाचा.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण तुमचा फोन सदा स्पीकरवर असतो. मी 'हॅलो' म्हणायच्या आत आई, दादा, पोरं आणि निवडायची भाजी घेऊन आलेल्या शेजारच्या काकू सगळे एकदम 'जेवलास का' विचारतात. अशा सभेपुढे सांगण्यासारखं हे प्रकरण नाही. तेव्हा पत्र एकट्यानं वाचा, आणि दादा 'काय लिहितोय' म्हणाला तर 'हवा बरी आहे म्हणतो' असं सांगा. त्याचं समाधान लवकर होतं.

तर सुट्टीचं. ही तिकडे वर्गभर पोरांना नुसत्या भुवईनं गप्प करायची, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. इथे तिची पदवी चालत नाही, त्यामुळे ती दिवसभर खिडकीतल्या मिरचीच्या रोपाला दम देत बसते. रोप धाकानं वाढतंय, पण ही मात्र हळूहळू बोलेनाशी झाली. माझ्याशी हो आणि नाही, फोनवर आईशी 'छान, छान'. मला काळजी वाटायला लागली, वहिनी, अगदी पोटातून. आणि पुरुषाला बायकोची काळजी वाटली की त्याला एकच औषध सुचतं, हवापालट. मी लगेच तळ्याकाठच्या एका लॉजमध्ये चार दिवसांची खोली ठरवली. तारखा मी स्वतः टाकल्या. (माझं काम तुम्हाला माहीतच आहे. कुठलं खोकं कुठल्या गोदामातून कधी निघालं आणि कुठे कधी पोचणार, हे ऑफिसात मला विचारून ठरतं.)

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात. जन्मभर बस चालवून आता निवृत्त झाल्या आहेत, आम्ही त्यांना ड्रायव्हरबाई म्हणतो. जिन्यात वळतानासुद्धा त्या आधी मागे बघतात. हिला इथली भाषा त्यांनीच शिकवली, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून, एकेक भांडं हातात धरून. मला अजून 'माफ करा' आणि 'पिशवी नको' एवढंच येतं. जाताना घराची किल्ली रोपाला पाणी घालायला त्यांच्याकडे दिली. त्या आमची बॅग हिसकावून थांब्यापर्यंत आल्या, हिला मिठी मारली, मला प्रवासात उतरू नये तिथे न उतरण्याविषयी सूचना केल्या, आणि बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिल्या. इतका साग्रसंगीत निरोप मला परदेशी निघतानाही मिळाला नव्हता. (तेव्हा तुम्ही सगळे दादाची चप्पल शोधत होतात.)

लॉजवर पोचलो. तिथल्या मालकानं वही उघडली, वही बघितली, मला बघितलं, पुन्हा वही बघितली. इथे तुम्हाला हिच्या दुभाषीपणाबद्दल सांगायला हवं. दुकान असो, दवाखाना असो, समोरचा बोलला की ही लगोलग माझ्या कानाशी मराठीत सांगते, आणि एक अक्षर गाळत नाही. डॉक्टर मनातल्या मनात पुटपुटला तर तेही सांगते. गणिताची बाई आहे, मधली पायरी सोडणं तिला जमत नाही. तर मालक बोलत होता आणि ही सांगत होती, "तो म्हणतो, तुमचं स्वागत आहे. पुढच्या महिन्यात. आत्ता एकही खोली नाही, सुट्ट्यांचे दिवस आहेत, गावात कुठेच मिळणार नाही. आणि विचारतोय, तुमच्या नवऱ्याला कॅलेंडर वाचता येतं का. मी काय सांगू?"

आल्या पावली परत निघालो. खरी अडचण बसमध्ये लक्षात आली. सगळ्या जिन्याला सांगून, गळाभेट घेऊन गेलेली माणसं दिवस मावळायच्या आत दारात उभी राहिली, तर तोंड कसं दाखवायचं? दुसऱ्या कुठल्या माणसाला हा प्रश्न पडला नसता. पण आपल्या घराण्याचं रक्त तुम्हाला ठाऊक आहे. दादा एकदा मुलाखतीला निघाला, सगळे फाटकापर्यंत पोचवायला गेले, गाडी चुकली, तर पठ्ठ्या दिवसभर वाचनालयात पेपर वाचून 'बरी झाली' म्हणत घरी आला. (तुम्हाला माहीत नसेल तर आता झालं.) मी म्हटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, मागच्या जिन्यानं गुपचूप घरात जाऊ आणि चार दिवसांनी पुढच्या जिन्यानं उजळ माथ्यानं येऊ. आश्चर्य म्हणजे ही हसली. कितीतरी दिवसांनी हसली, म्हणून मला माझी कल्पना जास्तच आवडली.

स्वतःच्या घरात चोरासारखं राहणं सोपं नाही, वहिनी. पडदे ओढलेले, दिवा बंद, पायात दोन-दोन मोजे. कुकर लावायचा नाही, कारण शिट्टीला कुणाच्या अब्रूची पर्वा नसते. भात पातेल्यात शिजवायचा आणि उतू जायला लागला की त्याची मनधरणी करायची. शिंक आली की उशीत. घरच्या ग्रुपवर फोटो टाकायला हवेतच, म्हणून जुने टाकले. ज्या तळ्याला तुम्ही 'किती निवांत' म्हणालात, ते म्हणजे आमच्या गोदामामागचा साचल्या पाण्याचा हौद आहे. दादानं तर त्यावर 'पोहायला मिळतं का' असंही विचारलं होतं.

ड्रायव्हरबाई रोज पाणी घालायला यायच्या. कुलपात किल्ली वाजली की आम्ही दोघं झोपायच्या खोलीतल्या कपाटात, कोटांच्या मागे. पहिले दोन दिवस त्या आल्या, पाणी घातलं, गेल्या. तिसऱ्या दिवशी त्या आमच्याच पलंगावर टेकल्या आणि बहिणीला फोन लावला. ही सवयीनं माझ्या कानाशी लागली. इथून पुढचं जसंच्या तसं लिहितो, कारण हिनं जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणतायत, हो, वरच्या घरात आहे, रोपाला पाणी घालते आहे. मुलं तळ्याला गेलीत. मुलगी फार गुणी. मुलगा वाईट नाही, पण घरात आला की खुर्चीसारखा असतो. (इथे मी हलणार होतो, हिनं कोपर मारलं.) म्हणतायत, मला करमणार नाही. मुलगी जूनमध्ये कायमची परत चालली आहे. तिकडे शाळेत जागा ठरली आहे, जावेनं शब्द टाकलाय. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही."

एवढं सांगून ही थांबली. बाहेर बाई बोलतच होत्या, पण पुढचं भाषांतर आलं नाही.

हिला एकच जाऊ आहे, वहिनी.

बाई गेल्यावर आम्ही भांडलो. पण भांडणार कसं? आवाज चढवायचा नाही, भांडी आदळायची नाहीत, दार लावून निघून जायचं तर मुळीच नाही. मी कुजबुजत म्हटलं, "एवढं सगळं ठरवलंस आणि मला विचारलंही नाहीस?" ती कुजबुजत म्हणाली, "रोज आलास की विचारतोस, आज काय केलंस. आणि मी तोंड उघडायच्या आत वाकून मोजे काढायला लागतोस. मी तुझ्या टाळूला किती दिवस उत्तरं देऊ?" याच्यावर ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो आणि विषय संपला असता. कुजबुजायचं म्हणून जवळ बसावं लागलं, आणि जवळ बसल्यावर ऐकावं लागलं. दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत आम्ही बोलत होतो. ती म्हणाली, मला कुणी 'बाई' म्हणून हाक मारून वर्ष उलटलं. मला फार वाईट वाटलं, वहिनी. लग्नाच्या बायकोची सगळी विचारपूस मी उभ्या-उभ्या करत होतो, एवढंही मला कपाटात बसेपर्यंत कळलं नाही. मी तिला 'थांब' म्हणालो नाही. ओठांपर्यंत आलं होतं, पण म्हणालो नाही.

चौथ्या दिवशी ठरल्याप्रमाणे मागून उतरलो आणि बॅगा घेऊन पुढून आलो. ड्रायव्हरबाईंनी पुन्हा मिठ्या मारल्या, तळं कसं होतं विचारलं. ही म्हणाली, शांत होतं. मग बाई माझ्याकडे बघून सावकाश काहीतरी बोलल्या आणि हिनं लाल होत होत सांगितलं, "म्हणतायत, पुढच्या वेळी तळ्यावर असताना सकाळी एवढ्या जोरात नळ सोडू नका, खाली माझी भिंत थरथरते." म्हणजे तो बहिणीचा फोन नक्की कुणासाठी होता, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारण्याएवढी भाषा मला येत नाही.

असो. खांद्याला शेक देत जा. आईला माझा नमस्कार, पोरांना पापे, दादाला काहीच नको.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. तुमच्यावर राग नाही. (थोडा आहे. पत्र पोचेपर्यंत जाईल.) खरं काम आता लिहितो. शाळेतली ती जागा दुसऱ्या कुणाला जाऊ देऊ नका. ही येते आहे. तिला वर्ग हवा आहे आणि तो मला इथे देता येत नाही. आईनं 'भांडून आली का' असं विचारलं तर सांगा, मीच पाठवली.

ता. क. २ स्टेशनवर घ्यायला दादाला पाठवू नका. तुम्ही स्वतः जा. आणि आठवड्यातून एकदा तरी फोन स्पीकरवरून काढून, ती खरंच बरी आहे का, ते मला सांगत जा.

ता. क. ३ ताई, आता मी लिहिते आहे. पोस्टाच्या खिडकीवर याला बोलता येत नाही, म्हणून पाकीट माझ्या हातात दिलं, तेही न चिकटवता. मी वाचलं. तो घोरतो हे तेवढं गाळलंय, बाकी सगळं खरं लिहिलं आहे. हल्ली घरी आला की तो मोजे तसेच ठेवून समोर बसतो आणि ऐकतो. परवा तर मोजे घालूनच झोपला. शाळेत सांगाल का, की कायमची जागा नको? तिकडे कुणी बाई लांब रजेवर जात असतील, तर त्यांच्या बदली चार-सहा महिन्यांची चालेल. वर्ग मला हवाच आहे, तेवढ्यात तो मनसोक्त घेईन. पुढच्या वर्षी इथली शिक्षकांची परीक्षा असते, त्या परीक्षेला मी बसणार आहे. फी भरून आले आजच. याला अजून सांगितलेलं नाही.