बाकडं हलवल्यापासूनची हकीकत

ती. रुक्मिणीआक्का,

चारकोपहून धाकट्या दशरथाचा दंडवत. तुझे गुडघे, काळी गाय (की ती विकलीस?) आणि परसातला फणस, तिघंही बरी असतील अशी आशा करतो. इकडे सर्व कुशल. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मुद्दा आला की तू ‘आवाज तुटतोय रे’ म्हणून ठेवून देतेस. पत्राचा आवाज तुटत नाही.

तुझी भावजय वनमाला गेल्यापासून आपली मसाल्याची गिरणी मंदावली, हे तुला ठाऊक आहेच. मसाला कुटणाऱ्याचं वर्ष म्हणजे होळी ते मिरग. पुढे पाऊस आणि उधारीच्या गप्पा. यंदाही चाललं नाही तर गाळा भाड्याने द्यायचा, असं नितेशने ठरवलं (पोरगा वाईट नाही, बापाला दिवसभर खोकताना त्याला बघवत नाही, एवढंच). पण त्याआधी एक संधी म्हणून तो मला बोरिवलीला एका शिबिराला घेऊन गेला. विषय काय, तर छोटा धंदा वाढवायचा असेल तर ध्येय कसं ठरवावं. शिकवणारे सर माझ्या मशीनहून वयाने लहान होते, पण माणूस हुशार. नुसतं ‘धंदा वाढू दे’ म्हणायचं नाही. किती, कधीपर्यंत आणि कशाने ते ठरवायचं. मला पटलं, खोटं कशाला सांगू? चारकोपला आलो तेव्हा माझं ध्येय तसंच होतं, भाड्याचं मशीन पुढच्या होळीपर्यंत स्वतःचं करायचं. केलं. मग सरांनी विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? मी म्हटलं, भिंतीवर, बायकोच्या शेजारी. सगळा हॉल हसला. सर म्हणाले, काका, जरा पॉझिटिव्ह विचार करा ना. मी म्हटलं, बरं, हार चंदनाचा घाला. नितेश तेवढा हसला नाही.

नंतर एक तक्ता भरायला दिला, धंद्यात कोण काय काम करतं त्याचा. मशीन मी, हिशेब नितेश. वनमालाच्या नावापुढे मी लिहिलं, ‘गप्पा’. सर म्हणाले, गेलेल्या माणसाचा रकाना नको, आणि नाव खोडलं. शिकायला गेलेल्याने बोलू नये.

तर ध्येय ठरलं, अक्षय तृतीयेपर्यंत काम दुप्पट. दुप्पट कामाला दुसरं मशीन हवं, मशीनला जागा हवी, आणि गाळ्यात जागा होती ती बाकड्याची. तुला आठवतं ना ते लांब बाकडं? आपल्या बायका भाजलेल्या मिरचीचा डबा घेऊन येतात आणि मसाला डोळ्यांदेखत कुटून होईपर्यंत तिथून हलत नाहीत. दुसरीची एक लवंग आपल्यात पडेल ही भीती. तेवढा वेळ वनमाला बाकड्याच्या डाव्या टोकाला बसून त्यांच्या सुना, सासवा, गुडघे सगळं ऐकायची. जाताना प्रत्येक बाई आपल्यातली मूठभर तिच्या डब्यात टाकायची. आमच्या घरी स्वतःचा असा मसाला कधी झालाच नाही. अख्ख्या चारकोपचा मिसळलेला खाल्ला आम्ही. असो. बाकडं समोरच्या चहावाल्याला दिलं आणि नवं मशीन बसवलं.

पहिल्याच दिवशी राधाकाकू आली (सेक्टरातली, कुडाळकडची, दर साली पहिला डबा तिचाच). नितेश म्हणाला, काकू, डबा ठेवा नि घरी जा, झालं की मेसेज येईल. “मगे मी बसू खंय?” बसायचंच नाही काकू, वेळ वाचतो. “म्हणजे माझो मसालो तुझ्या मोबाईलाच्या भरवशार सोडून जाव काय?” आणि डबा उचलून चालू लागली. त्यावर नितेशने तोडगा काढला, कॅमेरा! घरबसल्या फोनवर आपला मसाला बघा. राधाकाकू एवढ्यावर कशीबशी तयार झाली. आणि मग आक्का, वाट लागली. मशीन सुरू होतं न होतं तोच फोन: दशरथा, आदी मशीन झाडलंस काय? पुन्हा फोन: हात पुसलंस तो फडको कोणाचो? माझे कान तिखट आहेत, तुला माहीत आहे. मसाला झाला की मुसळाचा आवाज जड होतो, ओल्या वाळूवर पाय पडावा तसा, आणि मी मशीन थांबवतो. पण त्या दिवशी कानाला फोन होता. मसाला तापला, रंग गेला. तिचं वर्षाचं तिखट विटकरीच्या भुकटीसारखं दिसायला लागलं.

ती तावातावाने आली. मी घरी जाऊन वनमालाचा डबा आणला, तळाशी थोडंसं उरलं होतं, आणि म्हटलं, तुझी भरपाई होईपर्यंत हे ने. तिने झाकण उघडून वास घेतला. मिरचीच्या पोत्यावर बसली आणि पदराने डोळे पुसत राहिली. मग झाकण घट्ट लावून डबा माझ्याकडे सरकवला. “आदी ता बाकडा परत आण,” म्हणाली, “मगे बोल.”

चहावाला बाकडं सोडायला तयार नव्हता. त्यावर बसायला मिळतं म्हणून त्याची गिऱ्हाइकं दुप्पट झाली होती (ध्येय पूर्ण झालं, फक्त त्याचं). शेवटी त्याला दोन खुर्च्या घेऊन दिल्या. नवं मशीन आता झाकून कोपऱ्यात उभं आहे. बायका पुन्हा येऊ लागल्यात, पण थोड्या. येतात, बसतात, गप्प राहतात. पुरुषासमोर सुनेबद्दल काय बोलणार? आणि गर्दी झाली तरी डाव्या टोकाला कोणी बसत नाही. उभ्या राहतात.

तुझा,
दशरथ

ता. क. – अक्षय तृतीयेच्या आत येशील का? रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बस, सकाळी बोरिवलीला मी उभा असेन. काम काही नाही. डाव्या टोकाला बसायचं. गुडघे मोडून नव्हे, बाकडं उंच आहे.

ता. क. २ – नितेशला सांगितलंय की तू गुडघे दाखवायला येतेयस. विचारलंच तर लंगड.

ता. क. ३ – वर ‘सर्व कुशल’ लिहिलंय ते सवयीने. खोडत नाही, एक नाव खोडलेलं पाहिलंय, पुरे. येताना तुझी मिरची भाजून आण. डबा धुऊन उन्हात ठेवलाय, पहिली मूठ तुझी पडू दे.