तांबट आळीतली कुजबुज

तांबट आळी, नाशिक
मंगळवार, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५६

चिरंजीव चंदर यास सावळीरामदादाचे अनेक आशीर्वाद. इकडे अप्पा, तुझी वहिनी, मुलं, सगळी खुशाल. चांदवडला थंडी कडक असेल. घोंगडी पांघरून शाळेत जातोस, की मास्तर झाल्यापासून लाज वाटते?

आता मुद्द्याचं विचारतो. घरात तू काय पेरून गेलास? दिवाळीत घाटावर मी तुला एकट्याला सांगितलं होतं, की हातोडा खाली ठेवून मी पुन्हा शाळेत जाणार. सहावीत सोडलेली शाळा पुरी करणार, सातवीची फायनल देणार आणि तुझ्यासारखा मास्तर होणार. अॅल्युमिनमची भांडी आल्यापासून तांब्याला कोण विचारतो, हेही सांगितलं होतं. तू हो म्हणालास, दुसऱ्या दिवशी गेलास आणि तेव्हापासून या घरात कुजबुज चालू आहे.

तांबटाच्या घरात कुजबुज! आपल्याकडे नवराबायकोचं भांडण पंचवटीत ऐकू जातं. आता अप्पा आणि तुझी वहिनी नवसा नुसते ओठ हलवतात आणि मी वळून पाहिलं की गप्प होतात. अप्पांच्या कानाशी ढोल वाजवावा लागतो, त्यांच्याशी कुजबुजून बोलता येतं हे मला आजवर माहीत नव्हतं. विषय माझाच असणार, दुसरा कोणता?

आणि नवसाचं एक नवीनच. ठोकठोकीत कुणाचं कुणाला ऐकू येत नाही म्हणून आपण कारखान्यात हाताने खुणा करतो ना, त्या खुणा ती मला घरात करायला लागली आहे. जेवायला चला, तरी खूण. मी चिडलो, "मी काय तुझा गडी आहे? तोंडाने बोलायला काय होतं?" तर पदर डोळ्याला लावून आत निघून गेली. मला ते नाटक वाटलं.

शाळेतही तोच अनुभव. हेडमास्तर माणूस बरा दिसला, पण मिशांतल्या मिशांत बोलतो. मला काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, तर वर्गातली पोरं तोंडावर हात ठेवून हसली. सोमवारपासून वर्गात बसा म्हणून पाटीवर लिहून दिलं आणि बाक दिला तो अगदी पहिला. चौतीस वर्षांच्या बाप्याला खोडकर पोरासारखा पुढे बसवतात? तू तर त्यांना काही कळवलं नाहीस ना? खरं सांग.

काल कळस झाला. निफाडचे खलीलभाई मुलीच्या लग्नासाठी नेलेलं मोठं तपेलं परत घेऊन आले. म्हणाले, "दादा, हे बद्द वाजतंय. लग्नघरात तडा गेलेलं भांडं कसं ठेवू?" मी त्यांच्यासमोर टिचकी मारली. माझ्या मते ठीक होतं. मी म्हटलं, "गाडीतून पाडलंत आणि माझ्या नावावर खपवता?" त्यांच्या वडिलांपासूनचं गिऱ्हाईक, ते तपेलं तिथंच ठेवून अप्पांकडे बघत राहिले. मला वाटलं, मी शाळेत जाऊ नये म्हणून अप्पांनीच त्यांना फूस दिली. हो चंदर, असं वाटलं मला. आपल्या अप्पांबद्दल.

ते गेल्यावर अप्पांनी माझा हात धरला आणि तळवा तपेल्याच्या पोटावर टेकवला. दुसऱ्या हाताने वर मोगरी मारली. मग शेजारच्या चांगल्या हंड्यावर तसंच केलं. हंड्याची थरथर तळव्यात कितीतरी वेळ राहिली. तपेल्यातली लगेच मेली. अप्पा भांडं देण्याआधी त्यावर हात ठेवतात, तो मला लहानपणापासून आशीर्वाद वाटायचा. तो आशीर्वाद नव्हता रे. ते असं ऐकायचे.

मग माझ्या कानाला तोंड लावून ओरडले, "माझंबी असंच झालं होतं, लेका. पण इतक्या लवकर नाय."

घरात कुजबुज नव्हतीच. ती दोघं नेहमीसारखीच ओरडून बोलत होती.

आता तुझ्यापासून काय लपवू? अॅल्युमिनमचं कारण खोटं नाही, पण ते पुढे करायचं कारण होतं. गेल्या वर्षीपासून कानात रातकिडे ओरडतात. ठोकणं थांबवलं तर जेवढं उरलंय तेवढं तरी टिकेल असं वाटलं, म्हणून शाळा. आणि तुझ्यासारखं पोरांना शिकवावं हेही मनातून वाटतं, ते खोटं समजू नकोस. आज सकाळी खलीलभाईंसाठी नवा पत्रा कापायला घेतला आहे, तपेलं मी स्वतः निफाडला नेऊन देईन आणि माफी मागेन. नवसाची मागितली. तिने हाताने खूण केली, जेवायला चला.

एकच विचारायचं राहिलं. फळ्यावर लिहिताना तुझी पाठ पोरांकडे असते. त्या वेळी एखादा पोरगा मागून "गुरुजी, समजलं नाही" म्हणाला, तर तुला ते कळतं. मला कळणार नाही. मग मी मास्तर व्हावं का? सोमवारी त्या पहिल्या बाकावर जाऊन बसू का?

याचं उत्तर पत्राने पाठवू नकोस. रविवारी ये. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, पण माझ्यासमोर बसून, तोंड माझ्याकडे करून सांग.

तुझ्या ओठांकडे बघत बसलेला,
सावळीरामदादा